आजीचं घर, तिकीट आठ डॉलर

अमेरिकेतल्या नेब्रास्कात चौथीला राज्याचा इतिहास असतो. आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज, तसे इथे पायोनियर. म्हणजे एकोणिसाव्या शतकात बैल जुंपलेल्या गाड्यांत संसार भरून या माळरानावर वस्तीला आलेली मंडळी. आपण मुलांना गडावर नेतो, हे गावातल्या छोट्या म्युझियममध्ये नेतात आणि दिवसभर पायोनियर व्हायला लावतात. लोणी काढा, कपडे धुवा, पाटीवर लिहा. सोबतीला पालक लागतात. शाळेचा ईमेल बायकोला आला, तिने मला फॉरवर्ड केला. वर लिहिलं होतं, 'तुझं नाव कळवलंय.'

माझ्या वाट्याला पाच पोरं आली. एक माझी सई. उरलेल्या चौघांपैकी एकाला दर दहा मिनिटांनी भूक लागायची आणि दुसऱ्याला दर दहा मिनिटांनी बाथरूम. दोघांची दहा मिनिटं कधीच जुळली नाहीत. पिवळ्या बसमध्ये सई कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, तिथे इंडियाच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. प्रॉमिस?" मी प्रॉमिस केलं. अमेरिकेच्या इतिहासाशी आपला काय संबंध?

दारात घोळदार फ्रॉक, एप्रन आणि डोक्याला झालरीची टोपी बांधलेल्या एक ताई उभ्या होत्या. मनगटावर स्मार्टवॉच. त्यांनी आधी होमस्टेड कायदा समजावला. 1862 साली लिंकनने सही केली. 18 डॉलर फी भरा, 5 वर्षं जमिनीवर राहा, ती कसा, घर बांधा. 160 एकर तुमचे. बाहेर देशातून आलेला माणूससुद्धा चालायचा, फक्त नागरिक व्हायचा इरादा जाहीर करायचा. मी इथे चौदा वर्षं राहतोय, इरादा दर तीन वर्षांनी व्हिसाच्या फीसकट जाहीर करतोय, आणि अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. गावी आमची सव्वादोन एकर आहे, तिच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. 160 एकर ऐकून माझा चेहरा असा काही झाला असावा, की ताईंनी मला पाणी हवंय का विचारलं. त्या जमिनीवर आधी पॉनी, ओटो, ओमाहा हे इथले मूळचे लोक राहत होते, हे मात्र त्यांनी एका वाक्यात उरकलं. सातबारा त्यांचाही नव्हता.

मग मातीचं घर. इथे झाडं कमी, म्हणून लोक गवताच्या मुळ्यांसकट जमिनीचे थर नांगराने कापायचे आणि विटांसारखे रचायचे. छतावरही तेच. पाऊस आला की आत चिखल गळायचा, कधी वरून साप पडायचा. "मग त्यांनी काय केलं असेल?" ताईंनी विचारलं. पोरं गप्प.

"खाली कापड बांधलं," मी म्हणालो.

ताई चकित. बरोबर होतं. मलमलीचं कापड. आमच्या बार्शीकडच्या गावात आजीचं माळवद होतं. लाकडी सऱ्यांवर पाचटाचा थर, वर पांढरी माती. पावसाळ्यात गळायचं, आणि विंचू तर बारा महिने. आजीने चुलीच्या वर जुनं लुगडं ताणून बांधलं होतं. एवढंच सांगितलं मी. लुगडं म्हणजे काय, हे समजावताना थोडं लांबलं, एवढंच. सई दूर जाऊन भिंत बघत उभी राहिली.

पुढच्या टेबलावर ताईंनी लाकडी पेटी उघडली. आत वाळकं, चपटं, करड्या रंगाचं काहीतरी. "हे काय असेल?" कुणी म्हणालं बिस्किट, कुणी पॅनकेक. भुकेचा पोरगा आशेने पुढे सरकला. मला राहवेना. "गोवरी!"

लाकूडफाटा नसलेल्या माळावर पायोनियरांची पोरं बायसनचं, म्हणजे इथल्या रानगव्याचं, वाळलेलं शेण गोळा करत गाडीबरोबर चालायची, त्यावर रात्रीचा स्वयंपाक. हे कळल्यावर वर्गाने एका सुरात "ईऽऽऽ" केलं आणि माझ्या आत काहीतरी दुखावलं. मी सांगितलं, की मीसुद्धा सुट्टीत म्हशींच्या मागे पाटी घेऊन फिरलोय, आणि गोवरीच्या धगीवर दिवसभर तापलेल्या दुधाची बदामी साय ज्याने खाल्ली नाही त्याने ईऽऽ करू नये. ताईंनी नमुना माझ्या हातात दिला. मी उलटसुलट करून पाहिला. खरं सांगायचं तर माल सुमार होता. जसं पडलं तसं वाळलेलं. थापलेली नाही, मागे पाच बोटांचे ठसे नाहीत, ती कसली गोवरी? पण पाहुण्याने नावं ठेवू नयेत, म्हणून परत केली. बाथरूमवाल्याने मला विचारलं, "तुम्ही कोणत्या वर्षी जन्मलात?"

एका खोलीच्या शाळेत वर्गाचं वातावरण एकदम कडक. मुली एकीकडे, मुलं एकीकडे, उत्तर द्यायचं तर उभं राहून. ताई आता हातात छडी घेऊन मास्तरीणबाई झाल्या होत्या. मी मागच्या बाकावर बसून, घरी तूर संपलीय का ते फोनवर बघत होतो. छडी टेबलावर सपकन वाजली. "मागे कोण बोलतंय?"

मी उभा राहिलो आणि उजवा हात तळवा वर करून पुढे धरला.

हे मी ठरवून केलं नाही. हातानेच केलं. ताईंच्या यादीतली शिक्षा फळ्यावरच्या गोलात नाक टेकवून उभं राहण्याची होती. समोर आलेल्या हाताचं काय करायचं हे त्यांना सुचेना. चाळिशी ओलांडलेला माणूस डोळे मिटून उभा आहे आणि पंचवीस पोरं श्वास रोखून बघतायत. शेवटी ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही बसू शकता."

लोण्याच्या वेळी मी ठरवलं, गेलेली अब्रू इथे परत मिळवायची. उंच लाकडी पिंप, झाकणाला भोक, त्यातून दांडा. हा दांडा वरखाली करायचा. आमची रवी दोरीने फिरायची, तिला लय असते. हे म्हणजे उखळात कांडण्यासारखं. तरी मी बाह्या सरसावल्या. "बाजूला व्हा, मला येतं." पाच मिनिटं गेली. दहा. आत नुसती फेसाळ क्रीम. "क्रीम गार आहे, थोडं गरम पाणी घाला, आजी घालायची," मी म्हणालो. ताई म्हणाल्या, नियमात बसत नाही. पंधराव्या मिनिटाला खांदा गेला. सईने दांडा हातातून घेतला, दोन मिनिटं चालवला, आणि आत डबडब आवाज आला. लोणी सुटलं होतं.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. दिवसभरात प्रथमच सगळ्यांसमोर.

ताईंनी लोण्याचा गोळा काढला, मीठ लावलं, बिस्किटांवर फासलं. आणि मी बघतोय तोवर पिंपातलं सगळं ताक मोरीत ओतून दिलं.

रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती.

"आणि ह्याचे पैसे घेतात?"

"डोक्यामागे आठ डॉलर. सातशे रुपये धर."

"दे की मग पाठवून पोरांना इकडे. तूर भरडायची पडलीय. मी पाचशेच घेईन." मग थोडं थांबून, "लोणी बरं निघालं का?"

"निघालं. तुझ्या नातीने काढलं."

"गुणाची गं बाई. आणि ताकाचं काय केलं?"

मी गप्प.

"अरे, ताकाचं काय केलं?"

"ओतून दिलं त्यांनी."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आईने फोन ठेवला.