मानवाधिकार दिन झोकात कसा साजरा करावा

दहा डिसेंबर जवळ आला की तुम्हालाही काहीतरी करावंसं वाटत असेल. मलाही गेल्या वर्षी वाटलं होतं. पणजीतल्या एका थंडगार सभागृहात तीन तास काढले आणि ते पार उतरलं. तरी तुमच्यासाठी अनुभवाचे चार बोल.

विषय ठेवा ‘उपेक्षित अल्पसंख्याकांच्या हक्कांचे आंतरराष्ट्रीय संरक्षण’. ‘उपेक्षित’ म्हटलं की कोणी कोणाची उपेक्षा केली ते सांगावं लागत नाही.

वक्ता दिल्लीचा आणा, गेला बाजार पुण्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातलं २७ वं कलम त्याने वाचावं: अल्पसंख्याकांना आपली संस्कृती, धर्म, भाषा जपण्याचा हक्क. भारत १९७९ मध्ये या करारात आला, टाळ्या! एकट्यादुकट्याला थेट जिनिव्हाच्या समितीकडे तक्रार नेऊ देणारा जोडकरार मात्र आपण स्वीकारलेला नाही, हे जेवणानंतर सांगावं. तेव्हा ऐकायला कोणी नसतं. आदिवासी हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्याला १४४ देशांनी होकार दिला, त्यात आपणही होतो. फक्त म्हणून ठेवलं की आमच्याकडे सगळेच मूळनिवासी. म्हणजे मीही, आणि तो दिल्लीचा वक्ताही.

धनगर-गवळ्यांना बोलावू नका. गोव्यातले गावडा, कुणबी, वेळीप २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले, धनगर-गवळ्यांची फाईल अजून दिल्लीला खेपा घालते आहे.

पुढच्या खुर्च्यांवर ‘राखीव’ची चिठ्ठी हवीच. २०२२ च्या निवडणुकीपर्यंत गोवा विधानसभेच्या चाळीस जागांत अनुसूचित जमातींसाठी एकही राखीव नव्हती, पण खुर्च्यांचं आपल्या हातात आहे.

आणि एक खरी आदिवासी बाई आणा. आमच्याकडे काणकोणहून पहाटेच्या बसने एक वेळीप आजी आणली होती. तांबडं चौकड्यांचं कापड, खांद्यावर गाठ. फुगडी झाली, फोटो झाले. मग ती भिंतीला टेकून उभी. मला म्हणाली, “पुता, हांवें खंय बसप?” मी इकडेतिकडे बघितलं, सगळीकडे चिठ्ठ्या! तिच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वनहक्काच्या दाव्याची पोच होती. सासऱ्याने कसलेली जमीन. जंगलातली अशी जमीन कसणाऱ्या आदिवासींना तिचा हक्क देणारा कायदा २००६ चा. गावच्या वनहक्क समितीने दावा घेतला, पुढे जागेची पाहणी. सर्वेअर येतो तेव्हा वनखात्याचा माणूस नाही, वनखात्याचा येतो तेव्हा सर्वेअर रजेवर, दोघे येतात तेव्हा पाऊस. पाऊस थांबला की निवडणूक. निवडणूक झाली की साहेबांची बदली, आणि नवे साहेब विचारतात, नकाशा कुठे आहे?

त्या खात्याचे एक साहेब पहिल्याच रांगेत होते. मी पोच त्यांच्यापुढे धरली. म्हणाले, “आज विषय वेगळा आहे.”

विषय वेगळा? मग तिला फुगडी घालायला आणली कशाला? तुम्हाला लाज नाही, आणि टाळ्या वाजवत बसलेल्या मलाही नव्हती. तिची चारची बस चुकली, सोडायला एकाचीही गाडी निघाली नाही, खांद्यावर शाल तेवढी होती. शाल ठेवा तुमच्याकडे. पाहणीची तारीख द्या, आणि ती देता येत नसेल तर या डिसेंबरात तिला बसमध्ये बसवू नका.