‘इंजिन वॉशिंगचे ९०० रुपये घेतले आणि आठ दिवसांत पुन्हा तेलकट’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. ९०० रुपये घेतले, अडीच तास गाडी अडकवली, प्रेशर मारलंच नाही, वरून पॉलिशही नाही आणि आठ दिवसांत इंजिन पुन्हा तेलकट, असं तुम्ही लिहिलंय. हायवेच्या कडेला ३०० रुपयांत डिझेल मारून इंजिन चकाचक करून देतात, हेही लिहिलंय. आणि अगदी शेवटी, घाट चढून आल्यावर सिग्नलला थांबलं की जळका वास येतो, तो आमच्या केमिकलचा असणार, असं म्हणालात. पैशांचं पुढे बोलू. आधी त्या वासाचं बघा, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं नाही.

डिग्रीझरचा (तेलकट चिकटा सोडवणाऱ्या केमिकलचा) वास राहिलाच तर इंजिन एकदोनदा चांगलं तापेपर्यंत राहतो, मग जातो. आठ दिवसांनी, तेही इंजिनावर लोड आल्यावर येणारा वास ऑईल जळण्याचा आहे. तुमच्या गाडीच्या टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय. मागच्या कोपऱ्यातून, काचेच्या बाजूला, ऑईल झिरपतं आणि खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, उतरतं. गाडी पळत असताना वारा वास घेऊन जातो. थांबलात की तोच वास वायपरखालच्या जाळीतून केबिनमध्ये शिरतो. तापलेल्या मॅनिफोल्डवर सतत ऑईल पडणं धोक्याचं आहे, म्हणून पुढच्या लांबच्या प्रवासाआधी पॅकिंग बदलून घ्या, ही हात जोडून विनंती.

गाडी ताब्यात देताना हे तुम्हाला बोनेट उघडून दाखवलं होतं आणि बिलावरही लिहिलंय. तुम्हाला वाटलं, जादा काम गळ्यात मारतायत. साहेब, आमच्याकडे पॅकिंगचं काम होतच नाही. उद्यमनगरात तुमच्या विश्वासातल्या कुठल्याही मिस्त्रीकडे न्या. काम किरकोळ आहे. फक्त प्लगच्या विहिरींचे (स्पार्क प्लग बसतात त्या खोल भोकांचे) सीलही त्याच वेळी बदलायला सांगा, नाहीतर ऑईल आत उतरून प्लगला करंट देणाऱ्या कॉईलचे रबर बूट फुगतात आणि गाडी मिसिंग मारायला लागते.

आता, आठ दिवसांत पुन्हा तेलकट कसं झालं? तुमची गाडी आली तेव्हा टॅपेट कव्हरवर ऑईल, धूळ आणि उसाच्या पाचटाचा भुगा यांचा एवढा घट्ट थर होता की पान्याची खूण कुठे, बोल्ट कुठे, दिसत नव्हतं. मळ्याच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांचं असंच होतं, त्यात तुमचा दोष नाही. तो थर निघाल्यावर आम्ही इंजिन चालू ठेवलं आणि कव्हरच्या जोडावरून पांढरा टिश्यू फिरवला. पुढची बाजू कोरडी, दोन्ही कडा कोरड्या, मागच्या कोपऱ्यात मात्र टिश्यूवर मधाच्या रंगाची ओली रेघ उमटली. इतकी वर्षं चिखलाखाली झाकलेली गळती त्या दिवशी दिसली. आता पुन्हा बोनेट उघडा आणि नीट बघा: सगळं इंजिन तेलकट झालंय, की त्या एका कोपऱ्यापासून खाली ओघळ आलाय? ओघळच असणार. धुण्याने गळती थांबत नाही, पण ती कुठून होते ते कळतं, आणि माझ्या मते इंजिन धुवून घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

प्रेशर आम्ही मुद्दाम मारत नाही. बॉडी धुतो त्या गनचं पाणी १०० बारच्या पुढे जातं, म्हणजे पंपात एका चौरस सेंटिमीटरवर शंभर किलोहून जास्त दाब. बोनेटखाली कॉईल, सेन्सर, फ्यूज बॉक्स, ऑल्टरनेटर आणि त्यांचे कपलर (वायरी जोडायचे प्लग) असतात. कपलरचे रबर सील रस्त्यावरून उडणारं पाणी अडवतात. वीतभर अंतरावरून मारलेली धार त्यांच्या आत घुसते. पाणी आत राहिलं की दोन दिवसांनी चेक इंजिनची लाईट लागते, किंवा महिन्या-दोन महिन्यांनी पिना हिरव्या पडतात, आणि तोवर धुणाऱ्याचं नावही कुणाच्या लक्षात नसतं. पेट्रोल गाडीत प्लगच्या विहिरीत पाणी साचलं तर गाडी जागेवरच धक्के मारते. असल्या गाड्या टोचन लावून आलेल्या मी पाहिल्यात.

म्हणून अडीच तास लागतात. त्यातला बराच वेळ तर इंजिन थंड होण्यात गेला, कारण तापलेल्या लोखंडावर गार पाणी आम्ही टाकत नाही आणि तापल्यावर डिग्रीझरही लगेच वाळून डाग धरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढणं, ऑल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकने बांधणं. जाळीतला पालापाचोळा आणि पाचट हाताने वेचणं, कारण ते भिजवलं की पाण्याची वाट बुजते. डिग्रीझर खालून वर मारायचा, काही मिनिटं मुरू द्यायचा, वाळायच्या आत ब्रशने घासायचा, साध्या नळीच्या पाण्याने उतरवायचा. तुमच्या इंजिनाला हे पुन्हा करावं लागलं. शेवटी हवा मारून प्रत्येक कपलर सुकवायचा.

डिझेलबद्दल कळकळीने सांगतो. डिझेलने चिकटा झटकन सुटतो, खरं आहे. पण ते रबरात मुरतं. होज, बेल्ट, माउंटिंग मऊ पडून फुगतात, आणि राहिलेल्या तेलकट थरावर नवी धूळ जास्त बसते. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉईंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, किमान ३५ अंश सेल्सिअस धरलाय. चालू इंजिनाचा एक्झॉस्ट त्याच्या कितीतरी पट तापतो. फवारलेलं डिझेल मॅनिफोल्डच्या आच्छादनात आणि वायरिंगच्या टेपमध्ये मुरलेलं असताना स्टार्टर मारणं मला तरी पटत नाही. कॉस्टिक सोड्याचं पाणीही मला पटत नाही, त्याने ॲल्युमिनियम पांढरं पडतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

पॉलिश तुम्ही मागितलं होतं, तेव्हाही आम्ही नाही म्हणालो होतो. गळती असलेल्या इंजिनावर चकाकी मारली की गळती झाकली जाते. शिवाय ते बेल्टवर उडालं तर बेल्ट सरकतो, ओरडतो. पॅकिंग बदलून झाल्यावर प्लास्टिकच्या भागांवर पाण्यातलं हलकं ड्रेसिंग हवं असेल तर करून देऊ.

९०० रुपयांत आणखी एक खर्च आहे, जो तुम्हाला दिसला नसेल. तुमच्या इंजिनातून निघालेलं काळं पाणी आमच्या मागच्या ऑईल-ग्रीसच्या टाकीत जातं. तेल वर तरंगतं, गाळ खाली बसतो, मधलं पाणी पुढे जातं. टाकी उपसावी लागते, तेल वेगळं द्यावं लागतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, हा नियम सगळ्यांना आहे. आपल्या शहरातले नाले पंचगंगेला मिळतात आणि नदीची काय अवस्था आहे ते आपण दोघंही बघतो. ३०० रुपयांत हे होत नाही, मग ते पाणी कुठे जातं याचा विचार करा.

दर तुम्हाला जास्त वाटला, तो तुमचा अधिकार आहे आणि स्टार बदला असं मी म्हणणार नाही. पॅकिंग बदललं की गाडी घेऊन या. मागचा कोपरा आणि मॅनिफोल्डवरचं सांडलेलं ऑईल साफ करून देऊ, त्याचे पैसे नाहीत. येताना सकाळी आठच्या सुमारास या, रात्रभर उभी असलेली गाडी थंड असते, त्यामुळे थांबावं लागणार नाही. तोपर्यंत ऑईलची डिपस्टिक दर आठवड्याला बघत जा आणि पातळी खालच्या खुणेकडे जायला लागली तर मिस्त्रीकडे लगेच न्या.

— मालक