फ्यूज मोठा टाकू नका: कार स्पीकरच्या त्या मेसेजबद्दल

'हॅचबॅकमध्ये थेटरसारखा साउंड, तेही कमी खर्चात' असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दोन-तीनदा बघून सोडून दिला होता, पण परवा काकांनी तोच मला पाठवला आणि वर विचारलं, 'आपल्या स्विफ्टला रविवारी करून घेऊ का, फिटरवाला मोकळा आहे.' आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज थोडक्यात असा: कंपनीचे कागदी स्पीकर फेकून द्या, 600 वॅटचे 4-वे ओव्हल (एकात चार छोटे-मोठे स्पीकर असलेले लंबगोल) घेऊन मागच्या पार्सल ट्रेवर (डिकीवरच्या झाकणावर) बसवा, कंपनीच्याच डेकवर (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमवर) मस्त वाजतात, पॉवर वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प लागत नाही. फ्यूज उडाला तर एक नंबर मोठा टाका. कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) म्हणजे पैसे काढायचे धंदे, वायर कापून पीळ मारा आणि टेप गुंडाळा.

आधी फ्यूजचं बोलू, कारण बाकी बऱ्याच चुकांनी फार तर आवाज बिघडेल, या चुकीने गाडी पेटू शकते. फ्यूज डेक वाचवायला असतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तो मुळात वायर वाचवायला असतो. कंपनीने वायर जेवढ्या जाडीची टाकलीये तेवढा करंट ती सहन करते, त्याच्या वर गेलं की आधी फ्यूज वितळावा अशी सोय केलेली असते. निळा 15 अँपिअरचा काढून तिथे हिरवा 30 चा खोचला तर वायर तीच राहते, पण आता तिच्यातून दुप्पट करंट गेला तरी कोणी थांबवणार नाही, आणि करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. ही वायर डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिक, फोम आणि इतर वायरींच्या जुडग्यातून जाते, तिथे इन्शुलेशन वितळायला लागलं तर धूर दिसेपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. काम झाल्यावर फ्यूज उडतोय याचा अर्थ कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा कोणीतरी अ‍ॅम्पचं पॉवर कनेक्शन डेकच्या वायरवरून ओढलंय. ते शोधायचं. ज्या फिटरने 'मोठा टाकतो, काही होत नाही' म्हटलं त्याच्याकडून गाडी तशीच परत आणायची.

आता ते 600 वॅट. साधा हिशोब करा ना, 14.4 व्होल्टवर 600 वॅट म्हणजे एका स्पीकरला जवळपास 42 अँपिअर, आणि अख्ख्या डेकचा फ्यूज 10 नाहीतर 15 चा. कुठून येणार ते वॅट? खोक्यावरचा तो मोठा आकडा पीक म्हणजे क्षणभराचा, आणि तोही स्पीकर किती झेलेल याचा, डेक किती देईल याचा नाही. अमेरिकेत गाडीतल्या अ‍ॅम्पची पॉवर मोजायचं सीटीए-2006 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात 14.4 व्होल्टला, 4 ओहम लोडवर, डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) 1 टक्क्याच्या वर न जाता जेवढे वॅट निघतील तेवढेच धरायचे. या मापाने साध्या डेकवर छापलेले '50 गुणिले 4' हे चॅनेलमागे 15 ते 22 वॅटच्या आसपास येऊन बसतात. म्हणून डेकवरच चालवायचे असतील तर वॅट बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते. 88 ऐवजी 91 डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच पॉवरमध्ये दुप्पट वॅट दिल्यासारखा वाजतो. 4-वे चं फार मनावर घेऊ नका, स्वस्तातल्या जोडीत बऱ्याचदा बारीक ट्वीटर (उंच सुरांचे छोटे स्पीकर) नुसते कपॅसिटर लावून जोडलेले असतात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. गाडीच्या सगळ्यात स्वस्त (बेस) व्हेरियंटमधले कंपनीचे स्पीकर खरंच किरकोळ असतात, एवढंसं मॅग्नेट, बऱ्याचदा ट्वीटरच नाही, आणि बदलल्यावर फरक पडतो. पण 'कागदी' म्हणून वाईट हे चूक, भारीतल्या भारी स्पीकरमध्येसुद्धा कागदाचे कोन (आवाजाबरोबर हलणारा शंकूसारखा पडदा) असतात.

पार्सल ट्रे तर नकोच. हॅचबॅकचा ट्रे दोन दोऱ्यांवर आणि प्लास्टिकच्या खाचांवर टेकलेला असतो, त्यावर जड मॅग्नेटचे दोन ओव्हल, आणि जोरात ब्रेक लागला किंवा कुठे धडकली तर ते मागे बसलेल्यांच्या डोक्याच्या उंचीवरून पुढे येतात. मागे नातवंडं बसतात हो! शिवाय गाणं पाठीमागून ऐकू येतं ते वेगळंच. पैसे पुढच्या दारांवर घाला. साडेसहा इंची चांगली जोडी घ्या, काच पूर्ण खाली केल्यावर मॅग्नेटला लागत नाही ना ते आधी मोजा, खाली घट्ट रिंग आणि बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याचा थरथराट दाबणारी). बेसचा बराचसा फरक इथेच पडतो. रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या बोर्डाची) नको, दारात पावसाचं पाणी उतरतं आणि ती फुगते. आणि ट्रिमच्या (दाराच्या आतल्या पॅनेलच्या) मागची प्लास्टिक शीट फाडून फेकली तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत येईल, ती परत नीट चिकटवून घ्या.

राहिली वायर कापायची गोष्ट. गाडीच्या मॉडेलचा कपलर अगदी किरकोळ किमतीत मिळतो, आणि उद्या कंपनीचे स्पीकर परत लावायचे झाले तर प्लग काढून लावता येतात. पीळ मारलेला जॉइंट दार आपटून आपटून सैल होतो. आणि कापाकापीत प्लस-मायनस एका बाजूला उलटं लागलं तर दोन्ही स्पीकर वाजतात पण बेस गायब होतो, मग लोक स्पीकरलाच नावं ठेवतात. ट्रिम बंद करायच्या आधी स्पीकरची वायर डेककडच्या टोकाला सुटी ठेवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला, आणि दोन्ही दारांचे कोन बाहेरच्या बाजूलाच उचलतायत ना ते डोळ्यांनी बघून घ्यायचं.