त्यांना कुरकुरू द्या

परवा डब्लिनहून आमच्याकडे एक मराठी स्नेही आले होते. जेवता जेवता म्हणाले, "इथल्या शेतकऱ्यांचं नुसतं रडगाणं असतं. अनुदान घेतात, जीप फिरवतात, आणि वर पाऊस, भाव, सरकार, सगळ्यांच्या नावानं खडे फोडतात." मी वाढत होते. घरी आलेल्या माणसाशी ताटावर वाद घालू नये म्हणून गप्प बसले. पण ते बोलणं काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहायला घेतलं. लांबेल, सवडीनं वाचा.

आम्ही आयर्लंडमधल्या रॉसकॉमन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहतो. नवरा इथल्या इस्पितळात नर्स आहे आणि मी गेली सहा वर्षं मार्टच्या दिवशी तिथल्या कॅन्टीनमध्ये काम करते. मार्ट म्हणजे आपला जनावरांचा बाजारच, फक्त छपराखाली भरणारा. सकाळपासून जीपच्या मागे ट्रेलर लावून माणसं येतात. जनावराच्या पाठीवर नंबराची चिकटपट्टी लागते, ते काट्यावरून पुढे गोल रिंगणात जातं, वर फळ्यावर त्याचं वजन, जन्मतारीख, टीबीची शेवटची तपासणी कधी झाली, आजवर किती मालक झाले, सगळं झळकतं. लिलाववाला एका दमात बोली चढवत असतो, आणि घेणारा माणूस नुसती भुवई हलवतो. मी माणदेशातली. आजोबा खिलार घेऊन सांगोल्याच्या बाजाराला जायचे, तिथे उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव ठरायचा. इथली भुवई मला पहिल्याच दिवशी कळली.

सौदा झाला की सगळे आमच्याकडे येतात. बटाटे, कोबी, मांस, वर घट्ट ग्रेव्ही आणि नंतर सफरचंदाचा टार्ट. विकणारा घेणाऱ्याच्या हातात दहा-वीस युरो परत ठेवतो, त्याला नशिबाचा पैसा म्हणतात. आणि मग सुरू होते ती कुरकुर.

पहिल्या टेबलावर बसणारे चौघे-पाचजण आहेत, सगळे साठीच्या पुढचे. पावसानं सुरुवात होते. पाऊस पडला तर जमीन दलदल झाली, गुरं आत बांधावी लागणार. चार दिवस नाही पडला तर गवत थांबलं. मुरघासाची, म्हणजे मुरवून साठवायच्या हिरव्या गवताची, पहिली कापणी मेअखेरीस-जूनमध्ये असते आणि कापणीची यंत्रं बहुतेकांकडे स्वतःची नसतात, कंत्राटदाराची वाट बघावी लागते. "मंगळवारी येतो म्हणाला." "मग?" "कुठला मंगळवार ते नाही म्हणाला." हा संवाद मी सहा वर्षं दर जूनमध्ये ऐकलाय आणि दर वेळी सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात.

मग गुरांच्या जातींवरून. एकाकडे शॅरोले, दुसऱ्याकडे लिमोझिन. लिमोझिन अंगानं देखणी, पण बुजरी आणि तापट. "तिच्यासाठी कुंपण घालू नकोस, ती कुठल्याही कुंपणावरून जाते." एकाचा वळू शेजाऱ्याच्या रानात घुसला. शेजारी तक्रार घेऊन आला, तर वळूवाला म्हणतो, "फुकटात गाभण करून दिली की तुझी कालवड, बिल पाठवतो थांब." शेजारी म्हणाला, "पाठव, वासराला तुझं तोंड आलं तर पैसे परत घेईन."

कानातल्या बिल्ल्याची तक्रार तर बारमाही. प्रत्येक वासराच्या दोन्ही कानांत पिवळा बिल्ला, त्यावर नंबर, आणि सोबत जनावराचा कागद. झुडपात अडकून बिल्ला तुटला की नवा मागवा, बसवताना लाथ खा. ऑक्टोबर उजाडला की स्लरी. शेण-मुताची स्लरी १ ऑक्टोबरपासून रानात पसरायला बंदी, आमच्या भागात थेट १५ जानेवारीपर्यंत. नदी-ओढ्यांचं पाणी खराब होऊ नये म्हणून नियम आहे आणि तो हवाच, हे टेबलावर सगळे कबूल करतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की सप्टेंबरभर पाऊस कोसळतो तेव्हा रानात ट्रॅक्टर घालता येत नाही, आणि ऑक्टोबरात आठवडाभर कोरडं ऊन पडतं तेव्हा टाकी भरलेली असून हात लावता येत नाही. "गवताला कॅलेंडर वाचता येत नाही," असं एकजण दर वर्षी म्हणतो.

२०२५ मध्ये तर गोमांसाचा भाव कारखान्यात किलोला सात युरोच्या वर गेला. एवढा भाव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, आता तरी टेबल खूश असेल. तर म्हणे, "विकायला बरंय, पण बदल्यात लहान वासरं घ्यायची कशी? तीही तेवढीच महाग." खरंच आहे ते. वासरं विकत घेऊन वाढवून विकणाऱ्याला आजचा चढा भाव म्हणजे उद्याची महाग खरेदी.

आमच्या पाहुण्यांना हे रडगाणं वाटतं. आयरिश भाषेतही यासाठी जुना शब्द आहे, 'बेल बुख्त', म्हणजे गरीब तोंड, सतत गरिबी पुढे करण्याची सवय. पण अनुदानाबद्दल बोलायचं तर पूर्ण बोलूया. २०२० च्या कृषी गणनेत या देशात सुमारे १ लाख ३५ हजार शेतं होती, सरासरी शेत ३३ हेक्टरचं. आपल्याला ते मोठं वाटेल. पण आमच्या बाजूच्या ओल्या, जड जमिनीत गवताशिवाय फारसं काही येत नाही, आणि इथे गुरं हिवाळ्यात चार-पाच महिने आत बांधून मुरघासावर पोसावी लागतात. लहान शेतावर मांसाची गुरं पाळणाऱ्यांचं कित्येक वर्षी असं होतं, की अनुदान बाजूला काढलं तर हातात काहीच उरत नाही. म्हणून निम्मे लोक दिवसा दुसरीकडे नोकरी करतात आणि संध्याकाळी गोठा बघतात. बहुतेक मांस परदेशी जातं, भाव ठरवणं यांच्या हातात नाही. २०१९ मध्ये हीच माणसं मांसाच्या कारखान्यांच्या फाटकांवर भावासाठी आठवडेच्या आठवडे उभी होती. शेतमालकांपैकी साधारण एक तृतीयांश पासष्टीच्या पुढचे आहेत. आमच्या भागात त्यातले बरेच एकटे राहतात.

वैरणीवरून एक गोष्ट आठवली. २०१३ च्या वसंतात इथे थंडी हटेना, गवत उगवेना, शेवटी फ्रान्स आणि ब्रिटनहून गवत आणून गुरं जगवली. मी तेव्हा इथे नव्हते, पहिल्या टेबलावरच्या आजोबांनी सांगितलं. शेजाऱ्याकडून पाच गाठी उसन्या घेतल्या, त्या अजून फेडायच्यात, असं सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. त्याच उन्हाळ्यात आमच्या सांगोल्याकडे दुष्काळ होता आणि वडील जनावरं घेऊन चारा छावणीत राहात होते. मी त्यांना ते सांगितलं. टेबलावरचे सगळे हातातलं खाणं थांबवून ऐकत होते. छावणीत एका जनावराला दिवसाला किती चारा मिळायचा, पाणी कुठून यायचं, रात्री माणसं कुठे झोपायची, सगळं विचारून घेतलं. त्यानंतर दर मे महिन्यात मला एक प्रश्न येतो, "तुमच्याकडे पाऊस झाला का?"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. खूण पटेल असं काही लिहीत नाही.

या टेबलावरचा सगळ्यात मोठा कुरकुऱ्या माणूस गेल्या एप्रिलपासून यायचा बंद झाला. त्याच्या गुरांत टीबी निघाला. या देशात टीबी हटवायची मोहीम १९५४ पासून चालू आहे आणि अजून दर वर्षी प्रत्येक कळपाची तपासणी होते. जनावरांचा डॉक्टर येतो, मानेवर दोन जागी केस कातरतो, कातडीची जाडी मोजतो आणि दोन इंजेक्शनं देतो, एक वर, एक खाली. बहात्तर तासांनी परत येऊन त्याच दोन जागा बोटांनी चाचपतो. खालची गाठ वरचीपेक्षा पुरेशी मोठी लागली की ते जनावर गेलं. मधल्या तीन दिवसांत घरातली माणसं गोठ्यात जाऊन मानेला हात लावून बघतात आणि एकमेकांना सांगत नाहीत.

त्याच्या तीन गायी गेल्या. त्यातली एक त्याच्या आईनं पाळलेल्या गाईच्या वंशातली. भरपाई मिळते, ती मिळाली. पण कळपाला कुलूप लागतं. साठ-साठ दिवसांच्या अंतरानं दोन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत खाटिकखान्याशिवाय कुठेही जनावर पाठवता येत नाही. मार्टात काही आणता येत नाही, म्हणजे मार्टात यायला कारणच उरत नाही. आणि ज्या माणसाच्या घरात दुसरं कुणी नाही, त्याचं आठवड्यातलं एकमेव बोलणं त्या टेबलावर होत असेल, तर ते कुलूप त्याच्या तोंडालाही लागतं.

पहिले दोन आठवडे टेबलावर त्याचं नाव कुणी काढलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एकजण म्हणाला, "फोन केला होता. म्हणाला, सगळं ठीक आहे." आणि ते ऐकून चौघांचेही चेहरे उतरले. मला तेव्हा कळलं नाही. चहा ओतताना मी म्हटलं, ठीक आहे म्हणाला तर चांगलंच आहे ना? आजोबा म्हणाले, "तो चाळीस वर्षांत कधी ठीक आहे म्हणालेला नाही."

त्या संध्याकाळी ते त्याच्याकडे गेले. कशासाठी, तर ट्रेलर मागायला. चौघांकडेही स्वतःचे ट्रेलर आहेत, त्यालाही ते माहीत आहे. मग दर आठवड्याला कुणी ना कुणी काहीतरी मागायला जायचं. कुणी विजेच्या कुंपणाची बॅटरी, कुणी नुसतं "तुझ्याकडे कंत्राटदार आला का" म्हणून. जूनमध्ये एकाच्या बायकोबरोबर मीही टार्ट घेऊन गेले. फाटक निळ्या सुतळीनं बांधलेलं होतं. तो गोठ्यात एका कालवडीजवळ उभा होता आणि तिच्या मानेवरच्या कातरलेल्या जागेवरून अंगठा फिरवत होता. केस परत यायला लागले होते. आम्ही टीबीबद्दल एक शब्द बोललो नाही. बरोबरच्या बाई त्याला सांगत राहिल्या, की त्यांच्या नवऱ्यानं वीज नसताना काय काय हाल केले, जानेवारी २०२५ च्या एओविन वादळात. तेव्हा देशभर साडेसात लाखांहून जास्त घरा-दुकानांची वीज गेली होती, आमच्याकडे कित्येक दिवस नव्हती, विहिरीचे पंप बंद, गुरांना पाणी बादल्यांनी. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला जनरेटर घे म्हणून मी २०१८ च्या बर्फात सांगितलं होतं." मग तो जनरेटरांच्या किमतींवर बोलायला लागला आणि अर्धा तास थांबला नाही. परतताना गाडीत त्या बाई रडल्या.

सहानुभूती या माणसांना घेता येत नाही. कुणी खांद्यावर हात ठेवला तर ती पाठ फिरवून कुत्र्याला हाक मारतात. पण कुणी येऊन आपली कुरकुर त्यांच्यापुढे ठेवली तर ती घेतात, तिच्यात भर घालून परत देतात. मी हे सहा वर्षं जवळून बघितलंय आणि म्हणून कुणी त्याला रडगाणं म्हटलं की मला राग येतो.

दुसरं एक सांगायचंय. कोविडच्या काळात मार्टांनी फोनवरून ऑनलाइन बोली लावायची सोय केली आणि ती राहिली. चांगली सोय आहे. गुडघे दुखणाऱ्याला, लांबच्याला घरी बसून वासरू घेता येतं. पण रिंगणाभोवतीच्या पायऱ्या ओस पडायला लागल्यात आणि आमच्या मार्टात आता कॅन्टीन बंद करून चहाचं मशीन बसवायचा विषय निघालाय. माझा याला विरोध आहे आणि तो नोकरीपुरता नाही. मशीन चहा देईल, पण एप्रिलमध्ये कोण यायचं थांबलं हे मशीनला कळणार नाही. कॅन्टीन तोट्यात असेल तर तो तोटा मार्टानं सोसावा. पुढच्या बैठकीत मी हे बोलणार आहे, माझ्या इंग्रजीत जमेल तसं.

ऑक्टोबर हा इथे दूध तोडलेल्या वासरांच्या विक्रीचा महिना. आईपासून तोडल्यावर गायी दोन-तीन रात्री हंबरत राहतात, आमच्या घरापर्यंत ऐकू येतं. त्या कुरकुऱ्याच्या कळपाची दुसरी तपासणी स्वच्छ आली आणि गेल्या आठवड्यात तो सहा वासरं घेऊन आला. रिंगणात चांगला भाव मिळाला, मी दारातून बघितलं. मग कॅन्टीनमध्ये आला, आपल्या जुन्या खुर्चीवर बसला. कुणी उठलं नाही, कुणी हात मिळवला नाही, एकानं नुसती साखर पुढे सरकवली. तो म्हणाला, "काट्यात प्रत्येक वासरामागे दहा किलो खाल्लेत." मग भावावर, मग डिझेलवर. मी चहा ओतला. त्यानं घोट घेतला, कपात बघितलं आणि म्हणाला, "सहा महिन्यांत चहापण पातळ झाला इथला."

सगळं टेबल एकदम ओरडलं, "आम्ही तेच सांगतोय तिला कधीचं!"