पॅटन हातबॉम्बने फुटले नाहीत

सप्टेंबर उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर फिरू लागतो: ‘1965 साली पाकिस्तानकडे अमेरिकेचे अजिंक्य पॅटन रणगाडे होते, आपल्याकडे महायुद्धातलं भंगार. पंजाबातल्या असल उत्तर गावापाशी पॅटन चिखलात रुतले आणि आपले जवान अब्दुल हमीद यांनी धावत जाऊन हातबॉम्बने ते उडवले.’ पाठवणाऱ्याला वाटणारा अभिमान मलाही वाटतो. म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

भंगार? आपल्या डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटकडचे महायुद्धकालीन शर्मन रणगाडे जुने होते, हे खरं. पण सोबत 3 कॅव्हलरी या दुसऱ्या रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडे होते, आणि सेंच्युरियन त्या काळी जगातल्या उत्तम रणगाड्यांत गणला जायचा. सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स रेजिमेंटचे प्रमुख तारापोर लढले तेही सेंच्युरियनमधूनच.

पॅटन अजिंक्यही नव्हता. तोफ 90 मिमीची, जबरदस्त. समोरचं चिलखत जाड, बगलेचं मात्र त्या मानाने पातळ. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पकडून आणलेला पॅटन आहे, त्याच्या कुशीला उभं राहून एकदा वर बघा. तीन मीटरभर उंचीचं ते धूड उघड्या रानात लपणार कुठे?

चिखलाचं श्रेय नशिबाला देऊ नका. खेमकरणहून मागे येऊन आपल्या सैन्याने असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची फळी धरली आणि शेतांत मुद्दाम पाणी सोडलं. सेंच्युरियन उसात दबा धरून बसले. बगलेने घुसू पाहणारे पॅटन त्या पाण्यात अडकले आणि त्यांच्या कुशी आपल्या तोफांपुढे आल्या.

आता हातबॉम्ब. हमीद यांचं हत्यार होतं जीपवरची 106 मिमी रिकॉइललेस, म्हणजे बार होताना मागे धक्का न देणारी तोफ. (नळी खरं तर 105ची. आधीच्या तोफेच्या गोळ्यांशी गल्लत होऊ नये म्हणून नाव 106.) तिच्यावर नेम साधायला एक छोटी बंदूक असते. आधी तिची चमकती गोळी झाडायची आणि ती रणगाड्यावर लागताना दिसली की लगेच तोफेचा बार. बार झाला की मागच्या बाजूने आगीचा लोळ निघतो, धूळ उसळते आणि शत्रूला तुमची जागा कळते. म्हणून प्रत्येक बारानंतर जीप हलवायची. पत्र्याच्या त्या उघड्या गाडीत, पॅटनच्या माऱ्यात, हमीद रणगाडा जवळ येईपर्यंत थांबत, नेम धरत आणि पुन्हा जागा बदलत. 10 सप्टेंबरला असंच लढत असताना शत्रूचा गोळा त्यांच्यावर आला.