याची पिन कुठंय?

आज दुपारी एका ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कार्यक्रमाला गेले होते. ‘साठच्या दशकातलं आपलं घर’ असं प्रदर्शन होतं. तिथून निघाल्यापासून डोक्यात जे चाललंय ते थांबेना, म्हणून लिहायला बसले. मोठं होईल. सवडीनं वाचा.

हॉलच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर मांडलं होतं. पितळी डबे, फिरकीचा तांब्या, पाटा-वरवंटा, जातं आणि मधोमध पंपाचा पितळी स्टो. चिंच लावून असा घासलेला की त्यात तोंड दिसावं. स्टोवर कढई, कढईत प्लॅस्टिकची फुलं. मागे पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात लिहिलेलं, ‘साधं, सोपं, निवांत जगणं’. माइक घेतलेला तरुण निवेदक सांगत होता, "काडी लावली की स्टो पेटायचा, आई गरम पोळ्या वाढायची, सगळे गोल बसून जेवायचे!" टाळ्या पडल्या.

तेवढ्यात ऐंशी ओलांडलेल्या एक आजी उठून पुढे आल्या. चष्मा सारखा केला, फुलांची कढई उचलून बाजूला ठेवली, करंगळीनं बर्नरमधलं बारीक भोकाचं निपल चाचपलं आणि विचारलं, "याची पिन कुठंय?" त्या मुलाला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी पंपाचा दांडा ओढून दाबला. तो काहीच जोर न लागता आत गेला. "वायसर वाळलाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, "आजी, हात नका लावू हं, प्रदर्शनाचं आहे." आजींनी हात पदराला पुसला आणि जागेवर जाऊन बसल्या.

मुलाचा दोष नाही, त्याला जे लिहून दिलं ते त्यानं वाचलं. पण लिहून देणारे सत्तरीचे होते. त्यांना माहीत असायला हवं होतं.

काडी लावली की स्टो पेटत नाही! आधी टाकीतलं रॉकेल बघायचं. पाऊण टाकीच्या वर कधी भरायचं नाही. वरची जागा हवेची, तीच राहिली नाही तर दाब कशात धरणार? ओतताना नरसाळ्यात बारीक जाळी किंवा फडकं हवंच, कारण डब्याच्या तळाशी गंज आणि पाणी असायचंच, आणि तो एक कण निपलमध्ये जाऊन बसला की ऐन भाताच्या वेळी स्टो रुसणार. मग टाकीवरचा हवेचा स्क्रू सैल सोडायचा. चिंधीचा काकडा रॉकेलमध्ये बुडवायचा, निथळायचा, बर्नरच्या मानेला अडकवून पेटवायचा. ज्यांना परवडायचं ते वाटीत स्पिरिट घालायचे, त्याची काजळी धरत नाही. आणि मग थांबायचं. काकडा विझत येईपर्यंत थांबायचं. सगळं कसब या थांबण्यात. बर्नर पुरता तापला की स्क्रू आवळायचा आणि पंप मारायचा. वर चढणाऱ्या रॉकेलची तापलेल्या नळ्यांत वाफ होते, ती निपलच्या सुईएवढ्या भोकातून जोरानं सुटते, जाताना हवा ओढून घेते आणि निळी ज्योत धरते. भर्रर आवाज सुरू झाला की समजायचं, लागला.

बर्नर अर्धवट तापलेला असताना पंप मारला तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच कारंज्यासारखं उडतं आणि पिवळा भडका छताकडे जातो. घाबरून पाणी ओतायचं नाही, जळतं रॉकेल पाण्यावर तरंगत पसरतं. पहिला हात हवेच्या स्क्रूला. दाब गेला की कारंजं बसतं. हे वीस वर्षांच्या सुनेला पहिल्या आठवड्यात शिकावं लागायचं, आणि चुकीला माफी नव्हती.

आता आजींची पिन. पत्र्याच्या बोटभर पट्टीला केसाएवढी तार, एवढीच वस्तू. पण ती खिळ्याला टांगलेली नसेल तर घरातला स्वयंपाक बंद. निपलच्या भोकात काजळी धरते, ज्योत एका अंगाला झुकते, स्टो भकभक करायला लागतो. मग वरून पिन सरळ, अगदी सरळ, घालून अलगद काढायची. तिरकी गेली तर तार आतच मोडते. मग हवा सोडा, स्टो गार होऊ द्या, लांब दांड्याच्या चावीनं निपल काढा, आणि तोवर अर्धवट शिजलेली डाळ तशीच. जाड पिन दामटली तर भोक मोठं होतं, ज्योत पिवळी पडते, भांडी काळी होतात आणि रॉकेल जास्त जळतं. रॉकेल रेशनचं! पुढच्या महिन्यापर्यंत कुठून आणायचं?

आणि वायसर. पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याची लहानशी वाटी असते. स्टो काही दिवस पडून राहिला की चामडं वाळून आक्रसतं, नळीच्या भिंतीला टेकत नाही आणि पंप मारला तरी हवा बाजूनं निसटते. काढून खोबरेल तेलात भिजवायची, बोटांनी कडा बाहेरच्या बाजूला ताणायची, आत घालताना हलके फिरवत घालायची म्हणजे कड दुमडत नाही. आजींना दांडा एकदा दाबून कळलं. एकदा! त्या हातांना आपण सांगितलं, हात नका लावू.

लिहिता लिहिता परत राग आला. पाणी पिऊन आले.

‘साधं, सोपं’ हे शब्द कुणाचे, ते बघा. ज्याला जागेवर बसल्या बसल्या चहा मिळत होता त्याला सोपंच वाटणार. निवांत कोण होतं? पाट मांडून बसलेले. जी बाई काकडा विझण्याची वाट बघत उकिडवी बसली होती तिला विचारलंय का कुणी?

आणि स्टो तर चैनीचा. भुशाची शेगडी आठवते ना? डब्याला खाली एका बाजूला भोक. त्या भोकातून एक दांडकं आडवं सारायचं, डब्याच्या मध्यावर बाटली उभी धरायची आणि भोवती लाकडाचा भुसा ठासायचा. ठासायचा म्हणजे मुठीनं, थरावर थर. मग बाटली फिरवत फिरवत वर काढायची, दांडकं बाहेर ओढायचं, म्हणजे आत धुराड्यासारखी वाट तयार होते. खालून पेटवायचं. नीट ठासला असेल तर कितीतरी वेळ संथ जळतो, डाळ शिजते, पाणी तापतं. सैल राहिला तर मध्येच ढासळतो, वाट बुजते आणि घरभर धूर. भुसा दमट असेल तर पेटवणारीचे डोळे गेले. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत ठेवायचीच नाही, थंडीत उबेला म्हणून ठेवून लोक झोपेत गेलेत.

न्हाणीघरातला तांब्याचा बंब आज हॉटेलांच्या दारात शोभेला ठेवतात. त्यात आधी पाणी, मग विस्तव, हा क्रम चुकला की संपलं. रिकामा बंब पेटवला तर जोडांचं कथील वितळून तो गळायला लागतो. मधल्या नळीत वरून करवंट्या, ढलप्या, गोवऱ्या टाकायच्या, खाली जाळी, त्याखाली राख. राख रोज काढायची, नाहीतर खालून वारा लागत नाही आणि आग गुदमरते. घरातल्या शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत कुणीतरी त्यात सरपण घालत आणि वर पाणी ओतत उभं. ते कुणीतरी कोण, ते सांगायला नको.

पितळेच्या पातेल्यांबद्दल तर काय काय लिहितात. ‘पितळेत शिजवा, निरोगी राहा.’ अहो, कल्हई नसलेल्या पितळेत आमटी ठेवली तर कळकते! ताक ठेवलं तर हिरवं पडतं, मळमळतं, उलट्या होतात. म्हणून तर कल्हईवाला आला की गल्लीतल्या बायका पातेली घेऊन धावायच्या. भात्यानं फुलवलेल्या निखाऱ्यांवर भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते कथील चारी बाजूंना पुसत न्यायचं. भांडं कमी तापलं तर कथील धरत नाही, जास्त तापलं तर पिवळसर पडतं. मग चर्रकन पाण्यात. तो कारागीर कुठल्याच प्रदर्शनात नसतो, नुसती भांडी असतात.

बरं, मान्य. आठवणींनी जिवाला बरं वाटतं. एकटं पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना चार जण भेटतात, हसतात. तेही हवंच.

पण मग खऱ्या आठवणी काढा. त्या दहा वर्षांत काय काय झालं? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पुण्यातले वाडे वाहून गेले. १९६२ ला चीन. १९६५ ला पाकिस्तान, खिडक्यांच्या काचांना काळे कागद. धान्य एवढं कमी की शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं आणि लोकांनी केला. रेशनवर अमेरिकेचा गहू आणि लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. त्या मिलोची भाकरी थापताना कडेनं फाटायची, म्हणून उकळतं पाणी घालून उकड काढायची आणि पीठ भरपूर मळायचं. ६ जून १९६६ ला रुपया घसरवला, ४.७६ चा डॉलर ७.५० झाला. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना हादरली. आणि आपण लिहितो, ‘तेव्हा टेन्शन नव्हतं’.

‘आम्ही मातीत खेळलो, कधी आजारी पडलो नाही’ हे तर सगळ्यात जास्त टोचतं. जे राहिले तेच लिहिताहेत. त्या सुमारास या देशात सरासरी आयुष्य चाळिशीच्या आसपास होतं. घराघरात एखादं मूल गेलेलं असायचं, त्याचं नाव कुणी काढायचं नाही. दंडावरचे देवीच्या लशीचे वण बघा आपापले, ते कशासाठी टोचले होते? ‘स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही पेपरातली ओळही त्याच काळापासूनची. काही खरंच अपघात होते. पेटत्या स्टोत रॉकेल ओतलं, घाईत पंप मारला, किंवा नवी नायलॉनची साडी नेसून स्टोपुढे बसली. सुती पदर जळताना झटकून टाकता येतो, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. आणि काही अपघात नव्हतेच. ‘स्टोचा भडका’ या दोन शब्दांच्या आड पुढे किती वर्षं काय काय लपवलं गेलं, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या वस्तूवर प्लॅस्टिकची फुलं?

थांबते. फार तापून लिहिलं.

खरं सांगायचं तर तो स्टो बघून मलाही आधी आनंदच झाला होता. चुलीच्या धुरातून आलेल्या बाईला स्टो म्हणजे सुटका होती, हेही विसरू नये. इंडेनचं पहिलं गॅस कनेक्शन १९६५ साली कलकत्त्यात दिलं गेलं. बर्शेनचा गॅस त्याआधीच मुंबईत आलेला, पण तो मोजक्या घरांत. बाकी सगळीकडे दशक संपलं तरी चूल, शेगडी, नाहीतर स्टो. ज्योत कमी हवी तर थोडी हवा सोडायची, वाढवायची तर दोन हात पंप मारायचा. कान तयार असायचे. पाठमोरी बाई पोळी लाटता लाटता आवाजावरून ओळखायची की दाब उतरलाय. आणि रात्री शेवटचं दूध तापलं की स्क्रू फिरवायचा, फुस्स करून हवा जायची आणि घर एकदम शांत व्हायचं. तेव्हा शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यायचा. दिवसभर तो भर्रर आवाज कानात होता हे तो थांबल्यावर कळायचं. ती शांतता मात्र खरंच फार सुंदर होती. ती पुठ्ठ्यावर लिहिली असती तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

असंच कसब पैशातही. दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला आली तरी साठच्या दशकात हिशेब आण्यातच चालायचा. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. म्हणजे चार आण्यांची कोथिंबीर-मिरची एकदम घेण्याऐवजी एकेक आण्याची चारदा घेतली तर एक पैसा वाचतो. शाळेत न गेलेल्या बायकांना हे तोंडपाठ होतं. कुठल्याही प्रदर्शनात नाणी असतात, हे गणित नसतं.

कार्यक्रम संपल्यावर आजींपाशी गेले. म्हटलं, तुम्ही त्याला सांगायचं होतं स्टो कसा लावतात ते. त्या म्हणाल्या, "पिनेशिवाय काय दाखवणार गं?"

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. मंडळाच्या चिटणीसांना फोन केला. ते आधी थोडे नाराज झाले, मग हो म्हणाले. रविवारी अकरा वाजता हॉलच्या मागच्या मोकळ्या अंगणात आजी स्टो पेटवून दाखवणार आहेत. वाळूची बादली आणि ओलं पोतं शेजारी असेल. फुलं काढणार आहोत, पुठ्ठाही. वायसर मी आज रात्री तेलात घालते. काकडा करायला जुनी सुती साडी आहे. रॉकेल मिळवायचं अवघड आहे, पण दोघांशी बोलणं चाललंय, अर्धा लिटर पुरेल.

पिन नाही. तीन हार्डवेअरच्या दुकानांत विचारलं, त्यातल्या दोघांना ती काय वस्तू हेच माहीत नव्हतं. कुणाच्या माळ्यावर, आईच्या शिलाईच्या डब्यात, जुन्या ट्रंकेत स्टोची पिन असेल तर कळवा. गंजलेली नको, मोडेल. तार सरळ आहे ना, तेवढं उजेडात धरून बघा.