रीटा त्या खोलीत काय घेऊन आली होती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नोबेल मिळवणारी इटालियन मेंदूशास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन दिवसांत चार वेळा वाचली. इतर वाचकांसाठी तिचा आशय आधी सांगतो. तुम्ही तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवता आणि मेंदूविज्ञानात पीएच.डी. करता आहात. तुमचा आक्षेप असा, की युद्धाच्या काळात झोपायच्या खोलीत शिवणाच्या सुयांनी संशोधन करणाऱ्या बाईची गोष्ट मी अशी रंगवली, जणू जिद्द असली की प्रयोगशाळेची गरजच नाही. ती इंजिनियरची मुलगी होती, डॉक्टर होती, मोठ्या प्राध्यापकाच्या हाताखाली तयार झालेली होती, हे मी दोन ओळींत उरकलं. शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं: ‘सर, मी मायक्रोस्कोप मागितला की असाच एखादा लेख माझ्यासमोर ठेवला जातो.’

तुमचा मुख्य आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ज्या दोन ओळी मी उरकल्या, त्यांच्यावरच सगळा लेख उभा राहायला हवा होता. त्या आता सविस्तर लिहितो.

रीटाचा जन्म 1909 चा, इटलीतल्या तुरीन शहरातल्या ज्यू कुटुंबातला. मुलींनी शिकून व्यवसाय करणं वडिलांना पसंत नव्हतं, त्यामुळे विद्यापीठात जाता येईल असं शालेय शिक्षण तिला मिळालंच नाही. विशीत तिने वडिलांची परवानगी मिळवली आणि लॅटिन, ग्रीक, गणित आठ महिन्यांत भरून काढलं. 1936 मध्ये ती सर्वोच्च श्रेणीत डॉक्टर झाली आणि चेताविकार व मनोविकार या विषयांच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिने नाव घातलं. रुग्ण तपासायचे की संशोधन करायचं, हे तेव्हा तिचं ठरलेलं नव्हतं.

पण पदव्यांच्या या यादीतून तिची खरी तयारी कळत नाही. वैद्यकी शिकत असतानाच ती शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जुझेप्पे लेव्ही यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागली होती. (आडनाव सारखं असलं तरी नातं नाही.) याच प्रयोगशाळेत तिच्याबरोबर साल्वादोर लुरिया आणि रेनातो दुलबेको होते. पुढे तिघांनाही नोबेल मिळालं, त्या दोघांना 1969 आणि 1975 मध्ये, तिला 1986 मध्ये. लेव्ही तापट आणि कामाला कडक. त्यांनी तिला सुरुवातीला दिलेलं काम म्हणजे उंदराच्या पिल्लांच्या चेतागंडिकांमधल्या (चेतापेशींच्या गाठींमधल्या) पेशी मोजणं. पातळ काप करायचे, एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि मोजत बसायचं. या कामाचा तिला कंटाळा होता आणि त्यातून काही हाती लागेल असंही वाटत नव्हतं. त्याच काळात चांदीच्या क्षारांनी चेतापेशी आणि त्यांचे तंतू रंगवायची पद्धत तिच्या हातात बसली. स्पेनमध्ये चेतापेशींचे थोर अभ्यासक काहाल आणि त्यांच्या शिष्यांनी घडवलेली ही पद्धत. ती नीट साधली, तर पिवळसर कापावर तपकिरी-काळे तंतू एकेक करून वेगळे दिसतात, आणि बिघडली तर नुसता डाग. पुस्तकात वाचून ती येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने वंशविषयक कायदे आणले. ज्यूंना विद्यापीठं बंद झाली. रीटाचं पद गेलं आणि खुद्द लेव्हींचंही गेलं. ती ब्रसेल्सला गेली आणि 1940 च्या वसंतात, बेल्जियमवर जर्मन चाल करून येण्याच्या थोडं आधी परतली. त्यानंतरची ती खोली.

खोलीत काय होतं ते मी मूळ लेखात लिहिलंच आहे: वास्तुविशारद भाऊ जीनोच्या मदतीने बनवलेली अंडी उबवायची पेटी, घासून धार केलेल्या सुया, घड्याळजीचा चिमटा. पण सूक्ष्मदर्शकही होता, आणि त्यावर मी एक शब्दही खर्च केला नाही. तुमचा राग इथे अगदी रास्त आहे. सुईने कोंबडीच्या तीन दिवसांच्या गर्भाचा पायाचा अंकुर काढता येतो. मज्जारज्जूजवळच्या किती पेशी उरल्या, हे सुई सांगत नाही.

आणि सगळा प्रश्न त्या संख्येचाच होता. गर्भविकासाचे अभ्यासक व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी 1934 मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. पंखाचा अंकुर काढला की त्या बाजूच्या चेतापेशी कमी दिसतात. त्यांचा निष्कर्ष असा, की अंकुराकडून येणारी काहीतरी सूचना न मिळाल्यामुळे नव्या पेशी चेतापेशी बनतच नाहीत. रीटाने वेगवेगळ्या दिवसांचे गर्भ घेतले, चांदीने रंगवले आणि मोजले. पेशी तयार होत होत्या, त्यांचे तंतूही निघत होते. मरत होत्या त्या नंतर. ज्या कामाचा तिला कंटाळा होता, त्याच कामाने हा फरक तिला दाखवला. दरम्यान, पद गेल्यावर बेल्जियमला गेलेले लेव्हीही परतले आणि त्याच खोलीत तिच्याबरोबर काम करू लागले. दोघांचा निबंध 1942 मध्ये बेल्जियममधल्या नियतकालिकात छापून आला.

मी पस्तीस वर्षं बी.एस्सी.च्या मुलांकडून कोंबडीच्या गर्भाचं प्रात्यक्षिक करून घेतलं. गाळणकागदाची रिंग ठेवून 48 तासांचा गर्भ अलगद उचलायला बहुतेकांना सात-आठ अंडी लागतात. भारनियमनाच्या वर्षांत रात्रीची वीज जायची, इनक्यूबेटर गार पडायचा आणि सकाळी सगळी बॅच वाया. जनरेटरसाठी मी तीन वेळा अर्ज केला. तेव्हा मलाही उत्तर मिळालं होतं, की खरा शिक्षक परिस्थितीतून मार्ग काढतो. तेच उत्तर तुमच्या हाती पडायला माझा लेख निमित्त होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका ठिकाणी मात्र तुमच्याशी असहमत आहे. ‘सुखवस्तू घरातली, म्हणून जमलं’ हे अर्धंच खरं. घर होतं, आईभावाचा आधार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बॉम्बहल्ल्यांमुळे ते घर सोडून तिला खेड्यात जावं लागलं. तिथे शेतकऱ्यांकडून ‘मुलांसाठी’ म्हणून अंडी मागून आणत तिने काम पुन्हा मांडलं. 1943 मध्ये जर्मनांनी इटलीचा ताबा घेतल्यावर फ्लॉरेन्समध्ये नाव बदलून लपून राहावं लागलं. सुबत्तेने यातलं काहीच टळलं नाही. 1944 मध्ये शहर मुक्त झाल्यावर ती निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर म्हणून राबली. तिथे टायफॉइडने माणसं रोज जात होती.

हॅम्बर्गरना मी न्याय दिला नाही, असंही तुम्ही म्हणता, आणि तेही बरोबर आहे. ते स्वतः ज्यू म्हणून 1933 मध्ये जर्मनीतल्या नोकरीला मुकलेले. आपला निष्कर्ष खोडणारा निबंध वाचून त्यांनी रीटाला सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बोलावून घेतलं. 1947 च्या शरदात ती गेली ती वर्षभरासाठी, आणि तिथली प्राध्यापक म्हणून निवृत्त झाली 1977 मध्ये. 1949 मध्ये दोघांनी मिळून निबंध लिहिला आणि त्यात पेशींचं मरणं मान्य झालं. त्याच वाटेने पुढे चेतावृद्धी घटक (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, चेतापेशींना जगवणारा आणि वाढवणारा पदार्थ) सापडला. तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती.

मूळ लेखात आज बदल केले आहेत. सूक्ष्मदर्शक आणि लेव्हींची प्रयोगशाळा आता पहिल्या परिच्छेदात आहे, आणि मायक्रोस्कोपबद्दलचं तुमचं वाक्य तुमची हरकत नसेल तर लेखाच्या शेवटी जसंच्या तसं घ्यायचं आहे. माझ्याकडे 72 तासांच्या गर्भाच्या चाळीसएक चांगल्या स्लाइड्स आहेत, पायाचे अंकुर स्पष्ट दिसणाऱ्या. तुमच्या वर्गासाठी हव्या असतील तर कळवा, पाठवून देतो.